पालीवर स्पेनचा राजा

पाली म्हटलं की बहुतेकांना बल्लाळेश्वर आठवतो. मुंबईकरांना पाली हिल. मी सांगतोय ती पाली तिसरीच. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस पकडायची आणि खाडी, मिठागरं मागे टाकत समुद्राच्या दिशेला जायचं. डोंगरी, उत्तन, पाली आणि शेवटी चौक. त्यापुढे रस्ताच नाही, वसईच्या खाडीचं तोंड आणि पलीकडे वसईचा किल्ला.

मागच्या शनिवारी कॅमेरा घेऊन एकटाच गेलो होतो. निघताना ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "ते पोर्तुगीज लोकांचं गाव ना?" खरं सांगायचं तर दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. तेव्हा आज थोडा इतिहास. सुरुवात पोर्तुगालपासून न करता स्पेनपासून करू.

हो, स्पेनच. साठ वर्षं या पालीचा राजा माद्रिदमध्ये बसत होता.

झालं असं. 23 डिसेंबर 1534 ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्यात साष्टी आली, मुंबईची बेटं आली आणि आपलं हे धारावी बेटही आलं. (झोपडपट्टीची धारावी वेगळी. उत्तन, पाली, गोराईच्या पट्ट्याला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात.) पुढे 1578 मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोत लढायला गेला आणि तिथेच मेला. मूलबाळ नाही. म्हातारा चुलत आजोबा गादीवर बसला, तो 1580 मध्ये वारला. मग स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने आईच्या नात्याने हक्क सांगितला, सोबत फौजही पाठवली, आणि 1581 मध्ये तो रीतसर पोर्तुगालचाही राजा झाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर दोन कंपन्यांचं मर्जर झालं, पण सर्व्हर वेगळेच राहिले. फिलिपने कबूल केलं होतं की पोर्तुगालच्या वसाहतींत अधिकारी पोर्तुगीजच राहतील, कायदा आणि भाषाही त्यांचीच. त्यामुळे वसईच्या कोटात स्पॅनिश कोणी बोलू लागलं नाही. पालीच्या कोळ्याला तर राजा बदलल्याचा पत्ताही लागला नसेल. त्याचं जाळं तेच, भरती-ओहोटी तीच.

पण फरक पडला, आणि तो समुद्रातूनच आला. स्पेनचे शत्रू आता पोर्तुगालचेही शत्रू झाले. डच आणि इंग्रज जहाजं हिंदी महासागरात घुसली. 1612 मध्ये सुरतेजवळ सुवाळीला इंग्रजांनी पोर्तुगीज आरमाराला मार दिला. 1626 मध्ये डच-इंग्रजांनी मिळून मुंबई बेटावर उतरून जाळपोळ केली. भांडण युरोपातल्या राजांचं, आणि घरं इथली जळली.

या काळातला मला सर्वांत चटका लावणारा माणूस म्हणजे गोन्सालो गार्सिया. वसईचा मुलगा, जन्म 1557 च्या आसपास. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित बोलू लागला. जेझुइट व्हायची इच्छा होती, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. मग हा व्यापारात पडला आणि फिरत फिरत स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाला पोचला. तिथे स्पॅनिश फ्रान्सिस्कनांनी त्याला आपला म्हटलं. 1593 मध्ये तो त्यांचा दुभाष्या म्हणून हिदेयोशीच्या जपानमध्ये परत गेला. 1596 मध्ये 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यावरून संशय वाढले, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यात आपला हा वसईकर. 1862 मध्ये पोपने त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, पण आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती.

आणखी एक गंमत बघा. 1616 मध्ये गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. लेखक इंग्रज, छापखाना जेझुइटांचा, राजा स्पेनचा, आणि भाषा कुठली? आपली मराठी, तीही ओवीबद्ध!

1640 च्या डिसेंबरात पोर्तुगालने बंड करून स्पेनचं जोखड झुगारलं. पण स्पेन सहजासहजी सोडतो काय? लढाई 1668 पर्यंत चालू राहिली. मदतीला कोणीतरी तगडा हवा म्हणून 1661 मध्ये राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या चार्ल्सला देऊ केली आणि करारात मुंबई आंदण! शाळेत आम्ही नुसतं "हुंड्यात दिली" एवढंच शिकलो. हुंडा का द्यावा लागला, तर स्पेनच्या भीतीने. मुंबई इंग्रजांची झाली, त्याचं एक मूळ माद्रिदमध्ये आहे.

साष्टी आणि धारावी बेट मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. ते मराठ्यांनी घेतलं चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, 1737 ते 39 मध्ये. चौकच्या टेकाडावर धारावीचा किल्ला आहे, तो हातात आल्याशिवाय वसईची समुद्राकडची वाट अडवता येत नव्हती. त्यासाठी इथे मोठी झुंज झाली. मे 1739 मध्ये वसई पडली. आज टेकाडावर भिंतींचे अवशेष आणि गवत आहे. तिथून दिसणारी खाडी बघितली की ही जागा एवढी का हवी होती ते लगेच कळतं.

पोर्तुगीज गेले, पण लोक राहिले. धर्मांतरं सगळी गोडीगुलाबीने झाली नव्हती. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटलं, तो पुरावा अजून उभा आहे. ते लपवायचं कारण नाही. पण चार-साडेचार शतकांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला ते परके कसे? आडनाव परेरा किंवा डिमेलो, पण घरात बोलतात ती मराठीचीच बोली. त्यांचं 'ईस्ट इंडियन' हे नावसुद्धा पोर्तुगीजांचं नाही. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, नोकऱ्यांसाठी मुंबईत आलेल्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिश्चनांपासून आपण वेगळे, आपण इथले मूळचे, हे सांगायला त्यांनी ते घेतलं. इथले म्हणून घेतलेल्या नावामुळेच आज ते बाहेरचे वाटतात, काय म्हणावं याला!

पालीत फिरताना सगळीकडे बोंबील. बांबूंच्या वलांडीवर तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले. वास येतो, नाही म्हणत नाही. डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायची, प्रवाहाबरोबर मासळी आत शिरते. चौकाचौकात क्रूस. लग्नात उंबराचं पाणी आणायची रीत, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं. उन्हाळ्यात बाटली मसाला कुटायचा आणि बियरच्या बाटल्यांत दाबून भरायचा. त्यातली मिरची कोलंबसाच्या जहाजांमुळे अमेरिकेतून स्पेनला आली आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर इकडे. आपला बटाटाही त्याच वाटेचा. मिरची-बटाट्याला आपण कधी परकं म्हटलं नाही.

वलांडीपाशी काम करणाऱ्या एका मावशींशी बोललो. पंचाहत्तरीच्या असाव्यात. नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, घरातही इंग्रजीच बोलतात, म्हणाल्या. आपली बोली त्यांना कळते पण बोलता येत नाही. मासळीही पूर्वीसारखी मिळत नाही, त्यामुळे मुलगा होडीवर जात नाही, अंधेरीला नोकरी करतो. पगार बरा आहे.

पगार! हा शब्दही पोर्तुगीज, आणि स्पॅनिशमध्येही 'पैसे देणे'ला पगारच म्हणतात. मी त्यांना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि बोंबील उलटे करायला लागल्या. मी अर्धा किलो सुके घेतले, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. तरी परतीच्या बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसलाच.