राखण आणि मालकी

उत्तर कॅरोलायनाचे ब्रिटिश गव्हर्नर आर्थर डॉब्स यांच्या दफ्तरात जमिनीच्या सनदा, सरहद्दीचे तंटे आणि फौजेच्या खर्चाचे हिशेब यांचीच गर्दी असली, तरी या वृद्ध कारभाऱ्यास झाडाझुडपांचा मनापासून लळा होता. आणि म्हणूनच २ एप्रिल १७५९ रोजी लंडनमधील आपले वनस्पतिप्रेमी स्नेही पीटर कॉलिन्सन यांस लिहिलेल्या पत्रात, स्पर्श होताच मिटून माशी धरणाऱ्या एका रोपाची हकीकत त्यांनी आवर्जून कळवली. हे रोप चौतिसाव्या अक्षांशात उगवते, पस्तिसाव्यात नाही, असेही त्यांनी लिहिले. आणि आपण त्याचे बी धरून ठेवण्याचा प्रयत्न करू, असे आश्वासन दिले. पुढील वर्षीच्या जानेवारीत त्यांनी त्याचे अधिक तपशीलवार वर्णन पाठवले. आज जगभर ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीचा हा पहिला ज्ञात लेखी उल्लेख होय.

त्या त्रोटक उल्लेखात तीन गोष्टी एकत्र नांदत आहेत: सृष्टीतील नवल पाहून वाटलेला विस्मय, त्या नवलाचा मुलूख किती अरुंद आहे याची जाणीव, आणि ते आपल्याजवळ असावे ही इच्छा. परंतु डॉब्स यांच्या इच्छेला एक मर्यादा होती, जी त्यांनी बहुधा हेतुपुरस्सर घातली नसेल, पण जिचे मोल पुढील अडीचशे वर्षांत वारंवार पटत गेले: त्यांना बी हवे होते. बी नेणारा मनुष्य आपल्या मागे रोप ठेवून जातो. रोप उपटून नेणारा मात्र खड्डा ठेवून जातो. दुर्मीळ वनस्पतींच्या संग्रहाचा नीतिविचार कितीही ग्रंथांतून विस्तारला, तरी त्याचे मूळ या साध्या भेदात आहे.

बियांपासून ही वनस्पती वाढवण्यास मोठा धीर लागतो. पेरल्यापासून फुलावर येईपर्यंत तिला कित्येक वर्षे जातात. लंडनच्या जिज्ञासूंना इतकी उसंत नव्हती. १७६८ साली विल्यम यंग यांनी जिवंत रोपे इंग्लंडला पोहोचवली, आणि कापडाचे व्यापारी असूनही निसर्गविज्ञानात नाव मिळवलेले जॉन एलिस यांनी तिला ‘डायोनिया मस्किप्युला’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यांनी लिहिलेल्या वर्णनाने थोर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनाही थक्क केले. हे सचित्र वर्णन १७७० साली ज्या पुस्तिकेत छापले गेले, तिचा मुख्य विषय होता दूरदेशीची बियाणे आणि रोपे जहाजातून जिवंत कशी आणावीत, याच्या सूचना. वनस्पतीची ओळख आणि तिला पेटीत भरून नेण्याची रीत ही दोन्ही एकाच बांधणीत वाचकांच्या हाती पडली, याहून त्या युगाच्या मनोवृत्तीची बोलकी साक्ष कोणती द्यावी? जाणून घेणे आणि हस्तगत करणे यांत काही अंतर असू शकते, हा विचारच त्या काळाला शिवला नव्हता.

आता ज्या भूमीतून ही रोपे निघाली, तिच्याकडे पाहू. केप फिअर नदीच्या मुखाजवळील विल्मिंग्टन हे बंदर मध्यबिंदू धरून शेसव्वाशे मैलांची त्रिज्या घेतली, तर जगातील सारी नैसर्गिक डायोनिया त्या वर्तुळात, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरील मोजक्या काउंट्यांत सामावते. लांब सुयांच्या पाइन वृक्षांची विरळ वने, त्यांच्या तळाशी गवत, आणि गवताखाली ओलसर, वालुकामय, नत्राने दरिद्री अशी जमीन. मातीत जे मिळत नाही, ते ही वनस्पती कीटकांच्या देहातून मिळवते. पानाच्या प्रत्येक पाळीवर बहुधा तीन सूक्ष्म केस असतात. त्यांना सुमारे वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला की पाळ्या क्षणार्धात मिटतात. एका स्पर्शाने सहसा न मिटण्यात केवढा विवेक आहे! पडलेला थेंब किंवा उडालेली काडी यांवर आपली शक्ती ती वाया घालवीत नाही.

या वनस्पतीची दुसरी गरज मनुष्याच्या ध्यानात फार उशिरा आली, आणि ती म्हणजे अग्नी. विजेने लागलेले अथवा तेथील मूळ रहिवाशांनी लावलेले वणवे दर काही वर्षांनी त्या रानातून धावून जात, उंच झुडपे जाळीत आणि जमिनीलगतच्या या ठेंगण्या रोपांना ऊन मोकळे करून देत. रोपाचा कंद मातीत सुरक्षित राही. विसाव्या शतकात वणवे विझवणे हेच वनरक्षणाचे आद्य कर्तव्य मानले गेले, तेव्हा झुडपे माजली आणि सावलीत डायोनिया गुदमरली. त्याआधीच डांबर, राळ आणि टर्पेंटाइन यांच्या व्यापाराने व लाकूडतोडीने लांबसुई पाइनची वने उजाड होऊ लागली होती. एकेकाळी सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरलेल्या त्या वनांचा आज अगदी अल्प अंश उरला आहे.

एकोणिसाव्या शतकाने या वनस्पतीला कीर्ती दिली. विल्मिंग्टनमध्ये राहिलेले धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मोझेस ॲशली कर्टिस यांनी १८३४ साली, तिच्या स्वतःच्या रानात तिला न्याहाळून, पकडलेल्या कीटकाभोवती द्रव पाझरतो आणि त्यात कीटक विरघळू लागतो, असे नमूद केले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी कीटकभक्षी वनस्पतींवरील आपल्या १८७५ च्या ग्रंथात तिचा जगातील अत्यंत आश्चर्यकारक वनस्पतींत समावेश केला. डार्विन यांनी तिला इंग्लंडात अभ्यासले, कर्टिस यांनी तिच्या घरी. दोन्ही अभ्यास थोर आहेत, आणि संग्रहाचा सरसकट निषेध करणाऱ्याने डार्विन यांच्या त्या रोपांचे ऋण विसरू नये. लागवडीखेरीज ते ज्ञान मिळाले नसते. प्रश्न संग्रह असावा की नसावा हा नाही. प्रश्न त्याची किंमत कोण चुकवतो, हा आहे.

विसाव्या शतकात ही किंमत रानाने चुकवली. टपालाने माल पाठवणारे व्यापारी आणि शोभेच्या रोपांची दुकाने यांची मागणी वाढत गेली, आणि किनारपट्टीतील गरीब माणसे फावडे व पोते घेऊन रानात शिरू लागली. खणणाऱ्याच्या हाती एका रोपामागे काही सेंट पडत. दुकानात तेच रोप डॉलरांत विकले जाई. आणि विकत घेणाऱ्याच्या घरी, नळाच्या क्षारयुक्त पाण्याने अथवा हौसेने घातलेल्या खताने, ते बहुधा लवकरच मरे. नत्राच्या दारिद्र्यात सुखाने जगणारे हे रोप पाळणाऱ्याच्या उदारतेनेच मरते, हे अनेक हौशी लोकांना ठाऊकच नसते. १९९२ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात तिचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला, त्यामुळे निर्यातीवर परवान्याचा अंकुश आला. स्वदेशातील चोरीला मात्र दीर्घकाळ किरकोळ दंडापलीकडे शिक्षा नव्हती. २०१३ साली खुद्द विल्मिंग्टनमधील स्टॅन्ली रेडर यांच्या नावाच्या कीटकभक्षी वनस्पतींच्या सार्वजनिक उद्यानातून सुमारे हजार रोपे एका झटक्यात चोरीला गेली, तेव्हा लोकमत खवळले, आणि १ डिसेंबर २०१४ पासून उत्तर कॅरोलायनातील ठरावीक काउंट्यांत ही चोरी गंभीर फौजदारी गुन्हा ठरली. कायदा अंमलात येऊन महिना उलटतो न उलटतो तोच पेंडर काउंटीतील हॉली शेल्टर या सरकारी रानातून ९७० रोपे नेणाऱ्या चौघांना अटक झाली.

हा कायदा योग्यच आहे. तथापि तो वाचताना मन पूर्णपणे निवत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतील एक रोप उपटणारा कैदेस पात्र ठरतो, पण स्वतःच्या मालकीच्या जमिनीत चर खणून, पाणी काढून, शेकडो एकरांचे रान नांगराखाली घालणाऱ्यास तोच कायदा हात लावीत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ बी. डब्ल्यू. वेल्स यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात उत्तर कॅरोलायनाच्या नैसर्गिक उद्यानांचे गुणगान केले. पेंडर काउंटीतील ‘बिग सॅव्हाना’ हे फुलांचे अफाट कुरण तर त्यांना फार प्रिय होते आणि ते वाचावे म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. तरीही ते शेतीसाठी मोडले गेले. तेथे कोणीही चोरी केली नाही. सर्व व्यवहार कायदेशीर होता, आणि म्हणूनच तो अधिक दुःखद होता.

या असमतोलाचा आधार घेऊन काही संग्राहक असा युक्तिवाद करतात की, जे रान उद्या नष्टच होणार, त्यातील रोपे आज आपण नेली तर त्यात पाप काय? बुलडोझर दारात उभा असेल, मालकाची परवानगी असेल आणि रोपे जबाबदार उद्यानाकडे जात असतील, तर हे म्हणणे मान्य करावे लागते. पण ‘आपण वाचवतो आहोत’ ही समजूत मनुष्याला किती सहज फसवते! जोवर रान जिवंत आहे, तोवर त्यातून उपटलेले रोप वाचवलेले नसते. ते केवळ वंशविस्तारातून वजा झालेले असते. डायोनियाबाबत तर हा युक्तिवाद आता पुरता निराधार झाला आहे. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना बोटॅनिकल गार्डनने अभिवृद्धीतून संवर्धन हे तत्त्व अंगीकारले: मागणी असेल तर ती लागवडीतून भागवावी, रानातून नव्हे. ऊतिसंवर्धनाने आज प्रयोगशाळेत हजारो रोपे स्वस्तात तयार होतात. चिमूटभर ऊतीतून जे मिळते, त्यासाठी रान खणण्याचे कोणतेही समर्थन उरलेले नाही.

अधिक दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. सारासेनिया, म्हणजे अमेरिकी घटपर्णी, हिची ‘ओरिओफिला’ ही डोंगराळ जात १९७९ साली संघराज्याच्या कायद्याने संकटग्रस्त ठरवली गेली. जिथे एखाद्या झऱ्याकाठी मोजकीच रोपे उरली असतील, तिथे मूठभर बियांचाही हिशेब द्यावा लागतो. डॉब्स यांनी अक्षांश निःशंकपणे कळवला होता. आजचे अभ्यासक अशा जागांचे ठिकाण छापील लेखातही उघड करीत नाहीत. ज्ञान वाटून घेण्याची शतकांची परंपरा असलेल्या शास्त्राला मौन पाळावे लागावे, हा संग्राहकांच्या हव्यासाने त्याला भरावा लागलेला दंड आहे.

याउलट, प्रेमापोटी केलेले दानही निर्दोष असतेच असे नाही. काही उत्साही मंडळींनी डायोनिया फ्लोरिडाच्या आणि न्यू जर्सीच्या दलदलींत नेऊन लावली, आणि ती तेथे रुजली. पण परक्या भूमीत रुजलेले रोप आपल्या मूळ रानाची उणीव भरून काढीत नाही. तेथील मूळ वनस्पतींच्या घरात मात्र ते बिनबोलावता शिरते. २०१८ च्या एका संशोधनात आढळले की, डायोनियाच्या फुलांवर परागीकरण करणारे कीटक तिच्या सापळ्यांत क्वचितच सापडतात; फूल उंच देठावर, सापळा जमिनीलगत. हा करार त्या रानाशी, त्या भुंग्यांशी, त्या अग्नीशी झालेला आहे. कुंडीत रोप येते, करार येत नाही.

आपल्याकडे सह्याद्रीत दवबिंदू आणि कासच्या पठारावर पावसाळ्याअखेर फुलणारी ‘सीतेची आसवे’ याच कुळाचाराच्या, म्हणजे कीटकांवर गुजराण करणाऱ्या वनस्पती आहेत. आणि त्याच सह्याद्रीने देवराईची प्रथा सांभाळली. देवराईतील वाळकी काटकीही घरी नेऊ नये, हा नियम अनेक गावांनी पाळला, अनेकांनी मोडलाही. पण त्या नियमातील खोल अर्थ निषेधापुरता नाही. देवराईला राखणदार असतो. नेऊ नको, एवढे म्हणून रान राहत नाही. कोणीतरी ते राखावे लागते. कॅरोलायनातील ग्रीन स्वॉम्पसारख्या राखीव क्षेत्रांत आज मुद्दाम, ठरवून, नियंत्रित वणवे लावले जातात. काळ्या पडलेल्या जमिनीतून काही आठवड्यांत डायोनियाची कोवळी पाने वर येतात. २०२३ साली संघराज्याच्या वन्यजीव विभागाने या वनस्पतीस संकटग्रस्त ठरवण्यास नकार दिला, आणि त्याच्या कारणांत अनेक वसाहती संरक्षित, व्यवस्थापित भूमीवर आहेत हे कारण होते. म्हणजे ती तगली, ती राखणीमुळे.

खिडकीतील कुंडीत ही वनस्पती लावू इच्छिणाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे की, त्याने ती अवश्य लावावी, मुलांना दाखवावी, तिला पावसाचे पाणी द्यावे. पण विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यास तिचे कूळ विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास हात मागे घ्यावा. आणि शक्य असेल, तर बी पेरून वाट पाहावी. काही वर्षांनी उंच देठावर पांढरे फूल उमलेल, तेव्हा गव्हर्नर डॉब्स यांनी आपल्या मित्राला दिलेले आश्वासन, रानात एकही खड्डा न पाडता, त्याच्या हातून पुरे झालेले असेल.