पाश्चरचं चुंबक

रेणूतून वीज नेताना इलेक्ट्रॉनचं स्पिनही निवडायचं, या शास्त्राची कुळकथा बहुधा दोन घराण्यांच्या सोयरिकीनं सुरू होते. एकीकडे 1974 साली एकाच रेणूचा डायोड कल्पणारे अविराम आणि रॅटनर. दुसरीकडे 1988 साली चुंबकीय थरांमधला प्रचंड रोधबदल शोधणारे फेर आणि ग्रुनबर्ग. मला मात्र मूळपुरुष तिसराच वाटतो: लुई पाश्चर. इलेक्ट्रॉन सापडायच्या दोन वर्षं आधीच तो वारला होता.

1848 साली त्यानं टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक निरखले. त्यांच्यावरचा एक छोटा तिरपा पैलू काहींत उजवीकडे होता, काहींत डावीकडे. त्यानं हातानं निवडून दोन ढीग केले. एका ढिगाचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाला एका बाजूला वळवायचं, दुसऱ्याचं विरुद्ध बाजूला. फॅरडेनं 1845 सालीच दाखवलं होतं की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली जड काचही प्रकाश वळवते. पाश्चरनं दोन्ही गोष्टींचा सांधा जोडला. स्ट्रासबुर्गला असताना त्यानं चुंबकांच्या सान्निध्यात स्फटिक वाढवून पाहिले. डावं-उजवं काही घडलं नाही.

का घडलं नाही, हे केल्व्हिनच्या आक्षेपातून कळतं: चुंबकीय वळणात डावं-उजवं नसतंच. त्या काचेतून प्रकाश उलटा पाठवला तर वळण मागे फिरत नाही, दुप्पट होतं. नुसत्या क्षेत्राला हात नसतो. आक्षेप बिनतोड आहे, पण त्यात एक फट आहे. स्पिनला गतीची दिशा जोडली की मळसूत्र तयार होतं, आणि मळसूत्र डावं किंवा उजवं असतंच. पाश्चरच्या चुंबकाला कमी पडला तो धावणारा इलेक्ट्रॉन, असं मी ठामपणे म्हणतो.

तो इलेक्ट्रॉन इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत रॉन नामान यांच्या हाती लागला. 1999 साली त्यांच्या गटानं सोन्यावर लायसिनपासून केलेल्या कायरल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या हाताच्या, रेणूंचे थर बसवले आणि वर्तुळ-ध्रुवीकृत प्रकाशानं सोन्यातून इलेक्ट्रॉन उडवले. थर पार करण्याचं प्रमाण स्पिननुसार बदललं. 2011 साली जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटाच्या साथीनं डीएनएची दुहेरी साखळी वापरली, तेव्हा बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचं स्पिन-ध्रुवीकरण 60 टक्क्यांच्या आसपास गेलं. साखळी लांब तितकी निवड कडक. एकेरी साखळीत ती जवळजवळ नाहीच.

मग 2018. कोबाल्टच्या पातळ थरावर सोन्याचा मुलामा, चुंबकाचा रोख पृष्ठभागाला लंब. रोख वर असला की एका हाताचे रेणू आधी चिकटतात, खाली केला की दुसऱ्या हाताचे. रेणू पृष्ठभागाजवळ येताना त्याच्यातला विद्युतभार सरकतो, आणि सरकणाऱ्या भाराबरोबर स्पिन येतं. म्हणजे गती आली. पाश्चरचा प्रयोग 165 वर्षांनी यशस्वी झाला, असंच मी याकडे पाहतो.

भांडण आहे ते कारणावर. कार्बनमधली स्पिन-कक्षा जोडणी, म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्पिन त्याच्या गतीशी बांधणारा जोर, जेमतेम काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि खोलीची ऊब 25. एवढ्याशा जोरावर 60 टक्के कसे? एक पक्ष म्हणतो, ही करामत रेणूंखालच्या जडशीळ सोन्याची. मला हे पटत नाही. हेलिसीन या मळसूत्री रेणूचे थर तांबं, चांदी आणि सोनं या तिन्हींवर तपासले गेले. परिणाम जवळपास सारखाच, सहा ते आठ टक्के. दुसरा पक्ष रेणूच्या कंपनांकडे बोट दाखवतो, आणि त्यात मला जास्त दम दिसतो.

सगळ्यात अवघड आक्षेप ग्रोनिंगेनच्या व्हान वेस यांच्या गटाचा: दोनच टोकांच्या उपकरणात, कमी व्होल्टेजला, चुंबक उलटवून रोध बदलूच शकत नाही, ऑनसागरचा नियम आडवा येतो. निकेलवर रेणू बसवून केलेल्या कित्येक मोजमापांना हा आक्षेप भोवतो, आणि ती नव्या नजरेनं तपासायलाच हवीत. पण म्युन्स्टरला इलेक्ट्रॉन थरातून निर्वातात सुटून थेट स्पिन-मापकात पडले होते, आणि कोबाल्टवर मोजला तो रेणू चिकटण्याचा वेग. या दोन्हींत दोन टोकांचं सर्किटच नाही.