उष्णता पंप

उष्णता पंप हे कमी तापमानाच्या ठिकाणची उष्णता शोषून ती अधिक तापमानाच्या ठिकाणी नेणारे यंत्र आहे. यात वीज उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती वाहून नेण्यासाठी खर्च होते. ही कल्पना विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. झ्युरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमाट नदीतून उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला.

== कार्य ==
प्रशीतक बाष्पकात उष्णता शोषून वायुरूप होतो, कॉम्प्रेसर त्याचा दाब व तापमान वाढवतो, संघनकात तो उष्णता सोडून द्रवरूप होतो आणि विस्तार झडपेतून पुन्हा बाष्पकात येतो. मिळालेली उष्णता आणि खर्चलेली वीज यांच्या गुणोत्तरास कार्यक्षमता गुणांक म्हणतात. १०० लिटर पाणी २० वरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे ३.५ युनिट उष्णता लागते. साध्या गीझरला जवळपास तेवढीच वीज लागते. गुणांक ३ असल्यास पंपाला सुमारे १.२ युनिट पुरते. स्रोत व तापवायचे पाणी यांच्या तापमानांत जितके कमी अंतर, तितका गुणांक अधिक.

== प्रकारांची निवड ==
निवड प्रामुख्याने हवामान व भूगर्भावर अवलंबून असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर हे प्रवरा व म्हाळुंगी नद्यांच्या संगमावरील शहर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. हिवाळ्यात काही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरत असला, तरी घर तापवण्याची गरज क्वचितच भासते. येथे खरा प्रश्न गरम पाण्याचा आहे.

त्यामुळे हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारा पंप येथे सर्वाधिक सोयीचा ठरतो. हवा वर्षातील बहुतेक काळ उबदार असल्याने त्याचा गुणांकही चांगला राहतो. हवेतून हवेत उष्णता नेणारा प्रकार म्हणजे उलट दिशेनेही चालणारे वातानुकूलन यंत्र. त्याचा उपयोग येथे मुख्यतः थंडाव्यासाठीच होतो.

भूस्रोत पंप युरोपातील थंड देशांत उपयुक्त ठरतो, कारण तेथे हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा बरीच उबदार असते. संगमनेर परिसरात हा लाभ मर्यादित आहे. शिवाय दख्खनच्या कठीण बेसाल्ट खडकात छिद्रे घेण्याचा खर्च मोठा असतो. विहिरीच्या पाण्यावर चालणारा जलस्रोत पंप कागदावर आकर्षक वाटतो, पण उन्हाळ्यात विहिरीची पातळी खालावली की तो बंद पडू शकतो. प्रवरा खोऱ्याच्या बागायती पट्ट्यातील क्षारयुक्त भूजलामुळे उष्णता विनिमयकात थर साचण्याचाही धोका असतो.

चार माणसांच्या घरात रोज काही बादल्याच पाणी लागत असेल, तर पंपाची किंमत भरून निघण्यास बराच काळ लागतो. तेथे छतावरील सौर बंब बहुधा स्वस्त पडतो. वसतिगृहे, रुग्णालये व लॉज यांना मात्र पावसाळ्यात आणि पहाटेही भरपूर गरम पाणी लागते. पंप पाणी सावकाश तापवत असल्याने उष्णतारोधक टाकी आवश्यक ठरते. वीजपुरवठा खंडित झाल्यास तीच साठा म्हणूनही कामी येते.

== दूध व्यवसायातील उपयोग ==
संगमनेर तालुका सहकारी दूध व्यवसायासाठी ओळखला जातो. १,००० लिटर ताजे दूध ३५ वरून ४ अंशांपर्यंत थंड करताना सुमारे ३५ युनिट उष्णता बाहेर पडते. सामान्यतः ती हवेत सोडली जाते. संघनकावर उष्णता विनिमयक बसवल्यास तिच्या काही भागावर टाक्या व कॅन धुण्याचे पाणी तापवता येते. यात एकाच कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजू उपयोगात येतात.