‘स्टुअर्ट’ रणगाडा कोणी वापरला? : एक नामचिकित्सा

दुसऱ्या महायुद्धात अमुक एक शस्त्र कोणकोणत्या सैन्यांनी वापरले, हा प्रश्न वरकरणी केवळ यादीचा वाटतो. युद्धविषयक ग्रंथांच्या परिशिष्टांतून अशा याद्या आढळतात आणि वाचक त्या निःशंकपणे स्वीकारतो. परंतु यादी करणाऱ्याने तीन शब्दांचा अर्थ आधी निश्चित केलेला असावा लागतो : शस्त्राचे नाव, ‘वापर’ आणि ‘सैन्य’. हे तीनही शब्द जेथे सैल राहतात तेथे यादी लांबते किंवा आखूड होते, आणि क्वचित प्रत्यक्ष लढलेल्या माणसांचाच तिच्यातून लोप होतो. ‘स्टुअर्ट’ या अमेरिकन हलक्या रणगाड्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम वस्तूकडे पाहू. सुमारे तेरा टन वजनाचे, चार माणसांचे आणि ३७ मिलिमीटर तोफेचे हे वाहन मार्च १९४१ पासून अमेरिकेत तयार होऊ लागले. याच महिन्यात तेथे लेंड-लीज कायदा संमत झाला आणि मित्रराष्ट्रांना शस्त्रे पुरविण्याचा मार्ग मोकळा झाला. या रणगाड्याला विमानाचे पेट्रोल-एंजिन बसविलेले होते. काहींना डिझेल-एंजिन होते. पुढे विमानांसाठी एंजिनांची मागणी वाढल्यामुळे कॅडिलॅक मोटारीची दोन एंजिने जोडून सुधारलेला प्रकार काढण्यात आला. पहिल्या घराण्याचे सुमारे १३,८०० आणि दुसऱ्याचे सुमारे ८,९०० रणगाडे युद्धकाळात बांधले गेले.

आता नाव. अमेरिकन दफ्तरात या रणगाड्याला ‘स्टुअर्ट’ हे नाव मुळात नव्हते. तेथे तो ‘हलका रणगाडा एम-३’ होता. अमेरिकन यादवी युद्धातील सेनानींची नावे अमेरिकन रणगाड्यांना देण्याची पद्धत ब्रिटिशांनी पाडली. तीनुसार दक्षिणेकडील घोडदळाचा सेनापती जे. ई. बी. स्टुअर्ट याचे नाव या वाहनास मिळाले. आफ्रिकेतील ब्रिटिश शिपायांच्या तोंडी मात्र तिसरेच नाव होते, ‘हनी’, म्हणजे मध. यंत्र सहसा बिघडत नाही, पट्टे निखळत नाहीत, या समाधानातून हे लाडके नाव रूढ झाले असे सांगतात. एकाच वस्तूला कारखान्यात अंक, कचेरीत सेनापती आणि रणांगणावर मध अशी तीन नावे मिळावीत, यात नाव देणाऱ्याचे त्या वस्तूशी असलेले नातेच प्रकट होते.

याच्या उलट, एकाच नावाखाली अनेक वस्तू येतात, आणि इतिहासलेखनातील खरा धोका येथे आहे. ‘एम-३’ हा अंक हलक्या रणगाड्याला होता, तसाच ‘ली’ व ‘ग्रँट’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मध्यम रणगाड्यालाही होता. शिवाय एका अर्धपट्टेदार वाहनालाही तो होता. सोव्हिएत सैन्याने ही अडचण एका अक्षराने सोडविली : हलक्यासाठी ‘ल’ आणि मध्यमासाठी ‘स’, म्हणजे रशियन भाषेतील ‘ल्योगकी’ व ‘स्रेदनी’ या विशेषणांची आद्याक्षरे, ते अंकापुढे जोडीत. खुद्द अमेरिकन शस्त्रखात्यालाही हा घोटाळा उमगला असला पाहिजे. कारण कॅडिलॅक-एंजिनाच्या हलक्या रणगाड्यास प्रथम योजलेला ‘एम-४’ हा अंक शर्मन रणगाड्याशी गल्लत होऊ नये म्हणून बदलून ‘एम-५’ करण्यात आला. इकडे ब्रिटिशांनी एंजिन व बांधणी यांवरून ‘स्टुअर्ट’चे एक ते सहा असे क्रम लावले, आणि अमेरिकनांनी ज्यांना दोन भिन्न अंक दिले त्या एम-३ व एम-५ या दोहोंना एकाच आडनावाखाली आणले. म्हणून दफ्तरातील ‘एम-३’ म्हणजे ‘स्टुअर्ट’ असे समीकरण मांडून केलेली यादी प्रारंभीच चुकते : तिच्यात ‘ली’ रणगाड्यांची पथके शिरतात आणि एम-५ वापरणारी गळतात.

दुसरा शब्द ‘वापर’. रणगाडा जहाजावर चढला म्हणजे वापरला गेला असे होत नाही. सोव्हिएत संघाकडे हे हलके रणगाडे सोळाशेहून अधिक रवाना झाले. पण त्यांतील काही जहाजांबरोबर समुद्रात बुडाले. रवानगीचा आकडा आणि पोहोचल्याचा आकडा हे दोन निरनिराळे पुरावे होत. उलट, ज्याला कोणीही पाठविले नाही अशा सैन्यानेही हा रणगाडा वापरलेला आहे. फिलिपाईन्समध्ये अमेरिकेच्या १९२ व १९४ क्रमांकांच्या रणगाडा बटालियनांजवळ एकूण १०८ एम-३ होते. २२ डिसेंबर १९४१ रोजी लिंगायेन आखाताच्या परिसरात त्यांची जपानी रणगाड्यांशी गाठ पडली. या युद्धातील अमेरिकन व शत्रुपक्षीय रणगाड्यांची ही पहिली झुंज होय. एप्रिल १९४२ मध्ये बटान पडले आणि हाती लागलेले एम-३ जपान्यांनी आपल्या सैन्यात घेतले. जर्मनांनीही हस्तगत वाहने वापरली. ते अशा वाहनाच्या नावापुढे मूळ देशाचे आद्याक्षर लावीत. त्यामुळे नाव बदलले तरी कुळ कायम राही. एकच रणगाडा दोन्ही पक्षांच्या यादीत येऊ शकतो, ही गोष्ट केवळ पुरवठ्याच्या कागदांवर विसंबणाऱ्याच्या ध्यानी येणार नाही.

तिसरा शब्द ‘सैन्य’. आणि माझ्या मते सर्वांत अधिक अन्याय येथे होतो. नोव्हेंबर १९४१ मध्ये लीबियाच्या वाळवंटात ‘क्रूसेडर’ मोहीम सुरू झाली, तेव्हा चौथ्या चिलखती ब्रिगेडजवळ दीडशेहून अधिक स्टुअर्ट होते. हे पथक निःसंशय ब्रिटिश होते. परंतु ‘ब्रिटिश साम्राज्यास पुरवठा’ या एका रकान्यात ऑस्ट्रेलियनही येतात आणि भारतीयही. डिसेंबर १९४२ मध्ये न्यू गिनीतील बुना येथे नारळीच्या बनांतून आणि दलदलीतून जपानी मोर्च्यांवर जे स्टुअर्ट चालून गेले, ते ऑस्ट्रेलियाच्या २/६ चिलखती रेजिमेंटचे होते. वाळवंटातील वेगासाठी वाखाणलेले हे वाहन तेथे पायदळाच्या पावलाने चालत होते.

भारतीयांच्या बाबतीत ब्रह्मदेशची मोहीम पाहावी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सातवी चिलखती ब्रिगेड स्टुअर्टसह रंगूनला उतरली आणि माघार घेणाऱ्या सैन्याची पाठराखण करीत चिंदविन नदीपर्यंत आली. नदीपार नेणे अशक्य झाल्यामुळे मे महिन्यात रणगाडे तेथेच निकामी करण्यात आले. एकच पैलतीरी पोहोचला. पुढे त्याचा तोफबुरूज उतरविण्यात आला, आणि भारतीय सैन्याच्या सातव्या लाइट कॅव्हलरीत सेनानायकाचे वाहन म्हणून तोच रणगाडा पुन्हा ब्रह्मदेशात गेला. हे वाहन कोणाच्या खात्यावर मांडावयाचे? कारखान्याच्या दृष्टीने ते अमेरिकन, पुरवठ्याच्या दृष्टीने ब्रिटिश, आणि विजयाच्या वर्षी भारतीय ठरते. ही लाइट कॅव्हलरी भारतीयीकरणासाठी १९२३ मध्ये निवडलेल्या पहिल्या आठ पलटणी-रिसाल्यांपैकी होती. इंफाळच्या १९४४ मधील लढाईत २५४ व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडमधून ती स्टुअर्ट घेऊन लढली. त्याच ब्रिगेडमधील ब्रिटिश रेजिमेंटजवळ ‘ली’ होते. ‘इंफाळ येथे ब्रिटिशांचे एम-३’ एवढेच वाक्य लिहिले, तर रणगाड्याचा प्रकार आणि शिपायाचे राष्ट्र ही दोन्ही एकाच वेळी पुसली जातात.

‘सैन्य’ म्हणजे राज्याचे सैन्य, ही समजूतही अपुरी आहे. त्या वेळी बिहारात असलेल्या रामगढ येथे अमेरिकनांनी चिनी सैनिकांना शिक्षण दिले. तेथून निघालेल्या रणगाडा दलाचे एम-३ मार्च १९४४ मध्ये उत्तर ब्रह्मदेशात वालाबूमच्या लढाईत उतरले. चालक चिनी, प्रमुख अधिकारी अमेरिकन, भूमी ब्रह्मी. जुलै १९४४ मध्ये इटलीत ब्रिटिशांच्या साहाय्याने युगोस्लाव्ह पार्टिझानांची पहिली रणगाडा ब्रिगेड स्टुअर्टवर उभी राहिली. या सैन्यामागे राज्य अजून घडावयाचे होते. त्यांनी काही वाहनांचे तोफबुरूज काढून तेथे हस्तगत केलेल्या जर्मन तोफा बसविल्या.

युद्ध संपले तरी नाव सरत नाही. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजी ला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट चढले. जनरल थिमय्या यांच्या योजनेनुसार तोफबुरूज वेगळे करून ते गुप्तपणे श्रीनगरमार्गे आणण्यात आले होते, मद्रास सॅपर्सनी वाट रुंद केली होती, आणि लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ यांनी चढाईचे नेतृत्व केले. युरोपात जुनाट ठरलेली ३७ मिलिमीटरची तोफ येथे निर्णायक ठरली. कारण समोर रणगाडे नव्हते, दगडी मोर्चे होते. लेहकडे जाणारा मार्ग त्याच महिन्यात मोकळा झाला. हे ज्यांनी केले ते रिसाल्याचे शिपाई तो रणगाडा प्रथमच चालवीत नव्हते. त्यांचे कसब ब्रह्मदेशातील होते. आणि ब्रह्मदेशच्या यादीत त्यांना ‘ब्रिटिश’ म्हटले, तर झोजी ला येथील यश अकस्मात उपटल्यासारखे दिसते. यादीतील एका विशेषणाने पुढील इतिहासाचे कारणच हरपते, ते असे.

यावरून निष्कर्ष काढता येतो तो असा की ‘स्टुअर्ट कोणी वापरला’ या प्रश्नाचे उत्तर देशनामांच्या यादीने देऊ नये. रणगाड्याचा नेमका प्रकार, पथकाचे नाव, स्थळ आणि वर्ष ही चार अंगे प्रत्येक नोंदीत असावीत. आणि नोंद ज्या दफ्तरातून घेतली त्याची नामपद्धती अभ्यासकाने आधी समजून घ्यावी. कारण दफ्तर वस्तूला जे नाव देते ते स्वतःच्या सोयीने देते. त्या सोयीला आपण सत्य मानले, तर दफ्तर ज्याचे त्याचेच सैन्य लढले असे आपल्याही लेखनात ठरून जाईल.