उंटावरून शेळ्या

दिल्लीहून कानपूरकडे जाणाऱ्या गाडीने प्रवास करताना वाटेत इटावा हे स्थानक लागते. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत वावरणाऱ्या मराठी माणसास ही पाटी वाचताच पानिपताची आठवण होते. १७६० साली याच मुलखाची वसुली गोविंदपंत बुंदेले पाहत होते. नावा जमवा, धान्य पाठवा, पैसा पाठवा, अशी भाऊसाहेबांची निकड त्यांच्यामागे सारखी लागलेली होती, आणि त्याच धामधुमीत डिसेंबर १७६० मध्ये पंतांचा अंत झाला. त्या काळच्या कागदपत्रांत यमुनेच्या उतारांची, नावांची, घोड्यांची आणि बैलांची चर्चा आहे. परंतु ज्या प्राण्यामुळे इटाव्याचे नाव पुढे समुद्रापार गेले, त्याची दखल घेण्याचे कोणास कारण पडले नाही. तो प्राणी म्हणजे जमनापारी शेळी.

इटाव्याच्या दक्षिणेस, यमुना आणि चंबळा यांच्या बेचक्यात चकरनगरचा भाग आहे. थोडे पुढे गेले की पाच नद्यांचा मेळ होतो. त्या ठिकाणास पचनदा म्हणतात. पाण्याने कापून काढलेल्या मातीच्या घळी, त्यांत बोरी-बाभळींची काटेरी झुडपे, आणि वर थोडीशी कोरडवाहू शेती, असा हा प्रदेश. येथे गाय पोसणे कठीण आणि म्हैस पोसणे त्याहून कठीण. शेळीस मात्र अशी जमीन मानवते. ती मान वर करून पाला ओरबाडते, प्रसंगी मागच्या दोन पायांवर उभी राहते, आणि इतर जनावरे ज्याकडे ढुंकून पाहत नाहीत त्यावर दूध देते. उंच पाय, पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, हातभर लोंबणारे कान आणि मांड्यांवर केसांचे झुबके, असे या जातीचे रूप आहे. डच अमदानीत या शेळ्या जावा बेटात नेण्यात आल्या, आणि तेथील संकरित शेळीस आजही ‘पेरानाकान एटावा’ म्हणजे इटाव्याच्या वंशाची असे म्हणतात. इंग्लंडातील अँग्लो-नुबियन जातीच्या लोंबत्या कानांतही जमनापारीचे रक्त आहे. गोविंदपंतांचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरते उरले. इटाव्याचे नाव जावातील शेतकऱ्याच्या तोंडी रोज आहे.

मनुष्याचा आणि शेळीचा सहवास सुमारे दहा हजार वर्षांचा. इराणातील झाग्रोस पर्वताच्या परिसरात रानशेळी प्रथम माणसाळली असे उत्खननांवरून दिसते. आपल्या उपखंडापुरते बोलायचे तर बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे नवाश्मयुगीन माणसाच्या दफनात त्याच्याजवळ कोवळी करडे पुरलेली सापडली आहेत. मेलेल्या माणसाच्या सोबतीस द्यावयाचे ते जीवापाड जपलेलेच धन असणार. तेव्हापासून शेळीची गणना धनात होते. परंतु ते धन गरिबाचे. आमच्या भाषेनेही तिला फारसा मान दिलेला नाही. निरुपयोगी वस्तूस आम्ही अजागलस्तनाची उपमा देतो. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असे म्हणून मोकळे होतो. आणि दूर बसून कारभार हाकणाऱ्यास उद्देशून म्हणतो, उंटावरून शेळ्या हाकणे. ही शेवटची म्हण आम्हा सरकारी नोकरांस विशेष लागू पडत असल्यामुळे तिच्याविषयीच दोन शब्द लिहावे असे वाटले.

शेळी कायद्याच्या कक्षेत आली ती चोरीछपे चरणारी म्हणून. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या आहे. ती हत्ती आणि उंट यांपासून निघते व शेळी आणि करडू यांपर्यंत येऊन थांबते. कोंडवाड्याच्या दारात हत्ती आणि करडू समान, ही समता कायद्याखेरीज अन्यत्र कोठे दिसावयाची नाही! फरक एवढाच, की हत्तीचा मालक दंड भरून हत्ती सोडवून नेई, आणि करडाचा मालक पुष्कळदा करडू विकून दंड भरी. पुढे वनखाते आले. १८८० च्या दशकात इटाव्याचे कलेक्टर फिशर यांनी घळींची धूप थांबविण्यासाठी काही जमीन राखून तीत झाडे लावविली. ‘फिशर वन’ या नावाने ते रान ओळखले जाते, आणि अलीकडे त्याच रानात सिंहांचे उद्यान झाले आहे. माती वाचविणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु राखीव रानाच्या हद्दीबाहेर राहिलेल्या शेळीवाल्याने कळप कोठे न्यावा, या प्रश्नाचे उत्तर देणे हे कोणत्याच खात्याचे काम नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली राष्ट्रीय वननीती जाहीर झाली. मेंढ्यांना ठरावीक जागी व ठरावीक नियमांनी चरू देण्यास तीत वाव होता. शेळीचे चरणे आणि वनरक्षण यांचा मात्र मेळ बसत नाही, असाच तिचा सूर होता. त्यानंतर पुष्कळ वर्षे शेळी ही रानाची वैरीण म्हणून कागदोपत्री रूढ झाली. अखेर या आरोपाची चौकशी करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ सी. एच. हनुमंतराव यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमण्यात आला आणि १९८७ साली त्याचा अहवाल आला. जमिनीच्या ऱ्हासाचा मुख्य दोष शेळीच्या माथी मारणे पुराव्यास धरून नाही, असा त्या अहवालाचा मथितार्थ. गाई-म्हशींना पुरेसा चारा उरत नाही अशा उजाड जमिनीवर शेवटी शेळीच तग धरते. म्हणून पाहणाऱ्यास ती जमीन तिनेच उजाड केली असे वाटते. रुग्णाच्या उशाशी शेवटपर्यंत बसलेल्या माणसासच रोगाचे कारण ठरवावे, तसाच हा प्रकार. पस्तीस वर्षांनी का होईना, एका मुक्या प्राण्याची निर्दोष मुक्तता झाली. पण तोवर किती कळप कोंडवाड्यात गेले याची नोंद नाही.

आता एका लहानशा कळपाचे वर्ष कसे जाते ते पाहू. समजा, चकरनगरच्या बाजूस एका घरी दहा शेळ्या आहेत. बोकड घरचा नाही. तो शेजारच्या गावचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे शेळी न्यावी लागते. पाच महिन्यांनी शेळ्या विऊ लागतात. दहांपैकी आठ व्याल्या आणि दोघींना जुळी झाली, तर दहा करडे मिळतात. हा चढ. घरात दूध येते, मुलांच्या ओठांवर पांढरी रेघ दिसते, आणि घरची बाई मनातल्या मनात बोकडांची किंमत मांडू लागते. थंडीची एक लाट आली की दोन करडे फुफ्फुसाच्या विकाराने जातात. उरली आठ; त्यांत चार नर व चार पाटी. पहिला पाऊस पडून कोवळे लुसलुशीत गवत उगवते, तेव्हा आंत्रविषाराचे भय असते. या रोगाची क्रूरता अशी, की कळपातील जे करडू सर्वांत धष्टपुष्ट, तेच पुष्कळदा रात्रीतून मरून पडते. रोडके वाचते. त्यातून निभावले, तर चार बोकड बकरी ईदपूर्वीच्या बाजारात जावयाचे. तोवर त्यांना हातचा पाला घालून वाढवायचे आणि मोडक्या झोपडीतही माणसांच्या शेजारी बांधायचे, कारण घळीत लांडगा आहे आणि वस्तीत चोर. चार पाटींपैकी दोन म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी ठेवावयाच्या, दोन विकावयाच्या. म्हणजे साऱ्या वर्षाच्या राबणुकीचे फळ विक्रीची सहा जनावरे, घरापुरते दूध आणि शेताला लेंडीखत.

पण हा हिशेब पुरा होतो तो क्वचितच. ईदेस चार महिने असताना घरात दुखणे निघते किंवा मुलीच्या लग्नाची तारीख ठरते, आणि अर्धा वाढलेला बोकड दारात आलेल्या व्यापाऱ्यास देऊन टाकावा लागतो. व्यापारी वजन करीत नाही. पाठीवर हात फिरवून भाव सांगतो. त्या हाताच्या अंदाजात गरजूची गरजही तोलली जाते. ज्याच्याकडे शेळी घेण्यापुरतेही भांडवल नाही, तो दुसऱ्याची शेळी बटाईने पाळतो. राबणूक याची, शेळी त्याची, आणि करडे निम्मी निम्मी. करडू मेले तर दोघांचे मेले, परंतु रात्र जागून काढणारा एकच.

सर्वांत मोठा उतार साथीचा. शेळ्यांची बुळकांडी, जिला पशुवैद्यक पी.पी.आर. म्हणतात, ती आपल्या देशात १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळली. ताप, तोंडात व्रण, हगवण, आणि आठवड्याभरात अर्धा कळप आडवा. अशी साथ आमच्या दहा शेळ्यांच्या घरी शिरली आणि पाच शेळ्या उरल्या, तर तो कळप पुन्हा दहाचा व्हावयास किती काळ लागेल? आज जन्मलेली पाट स्वतः विण्यास दीड-दोन वर्षे लागतात. तोवर विकावयास काही नाही, आणि विकल्यावाचून घर चालत नाही. जी पाट कळप उभा करावयाची, तीच बाजारात जाते, आणि दहाचे पाच झालेले पुढे पाचाचे तीन होतात.

येथे सरकारच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही मिठास जागलो नाही असे होईल. १८८९ साली पुण्यात एक जीवाणू-प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे १९२० नंतरच्या वर्षांत एडवर्ड्स यांनी गुरांच्या बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेऊन सौम्य केला. त्यातून निघालेली लस लाखो गाईबैलांस टोचण्यात आली आणि १९५४ साली सुरू झालेल्या बुळकांडी निर्मूलनाच्या मोहिमेचा ती आधार ठरली. २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. गरिबाच्या शेळीने श्रीमंताची गाय वाचविली ती अशी. पुढे त्याच मुक्तेश्वरात, हिमाचलातील सुंगरी येथील एका आजारी शेळीपासून मिळालेल्या विषाणूवरून शेळ्यांच्या बुळकांडीची लस तयार झाली. तिची एक टोचणी निदान तीन वर्षे पुरते. हाही रोग २०३० पर्यंत जगातून घालविण्याचा आंतरराष्ट्रीय संकल्प आहे. तसेच मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ पासून शेळीच्या संशोधनाची केंद्रीय संस्था उभी आहे, आणि शुद्ध जमनापारीचा वंश टिकविण्याचे काम ती करीत आली आहे. लस आहे, संस्था आहे. प्रश्न आहे तो शीतपेटी घेऊन घळीतल्या दहा शेळ्यांपर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचा.

कचेरीतील आम्हा मंडळींस शेळी दिसते ती आकड्यांत. पशुगणना १९१९-२० पासून होत आहे. १९५१ साली देशात सुमारे ४ कोटी ७२ लक्ष शेळ्या होत्या. २००७ साली त्या १४ कोटी ५ लक्ष झाल्या, २०१२ साली १३ कोटी ५२ लक्षांवर उतरल्या, आणि २०१९ साली १४ कोटी ८९ लक्षांवर चढल्या. इतका मोठा देश म्हटला की असे चढउतार किरकोळ वाटतात. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन गणनांच्या मध्ये साधारणपणे पाच वर्षांचे अंतर असते. एका गणनेत दहा शेळ्यांचे असलेले घर साथीत नागवले गेले, सावकाराकडून पैसे काढून त्याने पुन्हा दहा शेळ्या केल्या, आणि मग दुसरी गणना आली, तर आमच्या तक्त्यात त्या घरापुढे फरक शून्य असा पडतो. त्या शून्यात काय काय बुडाले ते तक्ता सांगत नाही. आम्हीही असे तक्ते पुष्कळ जुळविले आहेत. बेरीज बरोबर आली की समाधानाने कागद वर पाठविले आहेत.

२०२१ नंतर राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या नव्या रचनेत शेळीपालनास निम्म्यापर्यंत अनुदान मिळू लागले. परंतु तेथील हिशेब १०० शेळ्या व ५ बोकड यांपासून पुढे. मोठे वाडे उभे राहावेत, त्यात वाईट काहीच नाही. तथापि या देशातील बहुतेक शेळ्या शंभरांच्या वाड्यात नसून दोन, पाच, दहांच्या कळपांत आहेत. आणि ज्या घरी दहा शेळ्या आहेत, त्या घरास उरलेल्या नव्वदांसाठी बँकेत ठेवावयास तारण नाही. १८७१ च्या कायद्यास निदान एकुलते करडू दिसत होते, ते दंडापुरते का होईना. मदतीच्या कागदास ते दिसू नये, याचा विचार कागद लिहिणाऱ्यांनीच करावयाचा आहे.

१९१९ साली आजारातून उठताना गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत त्यांनी केले होते. शेळीच्या दुधाची वाट कस्तुरबांनी दाखविली. व्रताचा शब्द राखला, पण अर्थ सुटला, ही टोचणी त्यांना पुढेही राहिली आणि ती त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी लिहिली. शासनाच्या कामातही शब्द राखून अर्थ सुटण्याचे प्रसंग वारंवार येतात. टोचणी मात्र सर्वांनाच लागते असे नाही.

असो. पुढच्या खेपेस इटाव्यावरून जाताना वाचकांनी खिडकीबाहेर पाहावे. रुळांच्या कडेला एखादी पोर काठी घेऊन पाच-सहा शेळ्या वळताना दिसेल. तिला आपल्या प्रत्येक शेळीचे नाव ठाऊक असते, कोणती कधी विणार हे ठाऊक असते, आणि कोणती शेळी या वर्षी विकावी लागणार हेही बहुधा ठाऊक असते. उंटावरून आम्हांस कळप दिसतो. तिला शेळी दिसते. उंटावरून उतरणे आमच्या हाती नसले, तरी पुढचे टिपण लिहिण्यापूर्वी तिला विचारणे आमच्या हाती आहे.