धर्मकाट्यावरचा धर्म

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करीत अकोल्याकडे निघाले की रस्त्याकडेच्या पाट्यांवर एक शब्द सारखा भेटत राहतो : धर्मकाटा. कुठे नुसता ‘धरमकाटा’, कुठे ‘कॉम्प्युटराइज्ड धर्मकाटा, २४ तास सुरू’. कापसाची, तुरीची, सोयाबीनची गाडी त्याच्यावर आधी भरलेली चढते, मग रिकामी. दोन्हींतला फरक चिठ्ठीवर छापून येतो. वस्तू सर्वांच्या ओळखीची; कोडे आहे ते नावाचे. त्या लोखंडी चौथऱ्याला ‘धर्म’ कुणी आणि का जोडला असावा? ऊसपट्ट्यात याच यंत्राला वजनकाटा किंवा भुईकाटा म्हणतात. तिकडे धर्माची आठवण होत नाही. होते ती ‘काटामारी’ची.

शब्दाचा उत्तरार्ध सोपा आहे. काटा म्हणजे संस्कृत ‘कण्टक’. तराजूच्या दांडीवर मधोमध उभी राहणारी टोकदार सुई ती काटा, आणि पुढे सुईचे नाव सगळ्या यंत्राला मिळाले असावे. ‘तराजू’ फारसी, ‘तूळ’ संस्कृत ‘तुला’तून आलेली, काटा मात्र बाभळीवरून उतरून थेट बाजारात आला. चिठ्ठीवरचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘निव्वळ वजन’ यातला ‘निव्वळ’ बहुधा ‘निर्मल’चा वंशज, गढूळ पाणी निवळवणारे बी मराठीत ‘निवळी’ आणि हिंदीत ‘निर्मली’, हा त्याला चांगला पुरावा. रिकाम्या गाडीच्या वजनाला छापतात ‘टेअर’. हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण त्याचे मूळ अरबी ‘तर्ह’ : जे टाकून द्यायचे ते. आपली ‘तऱ्हा’ त्याच धातूतून फारसीच्या वाटेने आली. एका चिठ्ठीवर संस्कृत आणि अरबी शेजारी बसतात आणि हमालाला त्याचे काही वाटत नाही.

आता पूर्वार्ध. धर्मकाटा हिंदीतून वऱ्हाडात आला असावा, असे प्रथमदर्शनी दिसते. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०३मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, आणि १९५६पर्यंत हा मुलूख हिंदी भाषकांच्या बरोबरीने नांदला. शिवाय व्यापारात मारवाडी पेढ्या. ‘धरम’ हे रूप हिंदीची साक्ष देते असे म्हणावे, तर वऱ्हाडी बोली स्वतःच ‘धरम’, ‘करम’ म्हणणारी. तेव्हा तो पुरावा दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो.

शब्द हिंदीतून आला असला, तरी कल्पना जुनी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत जी पाच दिव्ये आहेत, त्यांत पहिले तुलादिव्य. आरोपीला तराजूत एकदा तोलायचे, खाली उतरवायचे, तराजूची प्रार्थना करायची आणि पुन्हा तोलायचे. दुसऱ्यांदा हलका भरला तर निर्दोष. गाडीही दोनदाच तोलतात, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. पण या दिव्याच्या तराजूला स्मृतिकार ‘धट’ म्हणतात आणि त्यातल्या ‘ध’मध्ये त्यांना धर्म दिसतो. व्युत्पत्ती म्हणून ही ओढाताणच, तरी काटा आणि धर्म एकत्र आणण्याची ओढ किती जुनी ते तिच्यावरून कळते. महाभारतात, शांतिपर्वात, जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म कळतो तो वाराणसीच्या एका दुकानदाराकडून. त्याचे नाव तुलाधार. सर्व प्राण्यांशी सारखे वागणे हे तो आपल्या तराजूवरूनच समजावतो. धर्मकाट्याला याहून चांगला पूर्वज मिळणे कठीण.

‘धर्म’ हा ‘धृ’ धातूचा : जे धरते, पेलते. याच मुळाचा लॅटिन नातेवाईक ‘फिर्मुस’, म्हणजे पक्का. त्यातून इटालियनमध्ये ‘फिर्मा’ म्हणजे सही आली, आणि सहीवरून व्यापारी ‘फर्म’. अकोल्याच्या कापूस बाजारात फर्म आणि धर्म समोरासमोर उभे राहतात तेव्हा ते दूरचे भाऊ असतात, भाऊबंदकीही असतेच.

एवढ्यावर धर्मकाट्याचा धर्म म्हणजे न्याय, असे म्हणून थांबता येईल. पण मराठी माणूस ‘धर्म’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आणखी एक अर्थ असतो : दान. धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, धर्मखाते. ‘धर्म कर, माय’ ही दारावरची हाक. ‘धर्म करता कर्म उभे राहते’ ही म्हण, आणि धर्माच्या गाईचे दात न मोजण्याची दुसरी. या सर्वांत पूजाअर्चा कुठेच नाही. आहे ती भाकर, पाणी, ओसरी आणि औषध.

या कुळातला सर्वांत गमतीदार शब्द ‘धर्मादाय’. मधला ‘आ’ कुठून आला? जुन्या दानपत्रांत देवदाय, ब्रह्मदाय असे शब्द येतात. ‘दाय’ म्हणजे वाटा. तसे असते तर ‘धर्मदाय’ व्हायला हवे. की हा ‘धर्म + आदाय’, म्हणजे धर्माची आवक? मला दुसरी फोड पटते, कारण शब्द हिशेबाच्या वहीतला दिसतो. (‘अदा करणे’तला ‘अदा’ अरबी, त्याचा इथे संबंध नाही, नुसते ध्वनिसाम्य.) ‘दाय’ धरला तर मात्र दुसरा लाभ होतो. ‘दया’ हा शब्द ‘दय्’ धातूचा, आणि वेदांत त्या धातूचा अर्थ वाटून देणे असा आढळतो. म्हणजे दया ही आधी मनातली ओल नव्हे, हातातला वाटा असावी.

आणि हा वाटा द्यायचा कुणी? वऱ्हाडातल्या अडतीत शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई, हमाली यांच्या जोडीला धर्मादायही कापला जाई. दान व्यापाऱ्याच्या नावे, पैसा कास्तकाराचा. १८८६मध्ये कारंजा येथे नियमनाखालची कापूस बाजारपेठ सुरू झाली, १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. असल्या कपातींना आणि खोट्या मापांना आळा घालणे हा त्यामागचा एक हेतू. दानाचा कर होण्याचे हे एकच उदाहरण नव्हे. इस्लाममधली ‘जकात’ म्हणजे संपत्ती शुद्ध करणारे दान. मराठीत तिचा नाक्यावरचा कर झाला. जकात गेली, नाक्यांची नावे रेंगाळली. धर्मादायचे नशीब जरा बरे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने त्याला आयुक्त मिळवून दिला, आणि आज धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्या मागताना रुग्णाच्या नातेवाइकाला जी कागदपत्रे जमवावी लागतात, त्यांत ‘दय्’ धातूचा मूळ अर्थ शोधणे जरा अवघड जाते.

‘धर्म’ शब्दाचा दान हा अर्थ या मातीत ज्याने तोलून घेतला, तो शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६. लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे. हातातल्या गाडग्यावरून लोकांनी त्याला गाडगेबाबा केले. (गाडगे आणि गडू ही भावंडे असावीत; गडूचे मूळ ‘गड्डुक’ सापडते.) बाबा आधी गाव झाडत, मग भाकर घेत. फुकटचा धर्म त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही, इतरांसाठी मात्र धर्मशाळा बांधल्या. त्यांतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, ज्यांना इतर धर्मशाळांत थारा नव्हता त्यांच्यासाठीची. म्हणजे धर्मशाळेतल्या धर्मालाही जात होती. १९४९मध्ये बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली ती ‘धम्मा’ची. पाली रूप त्यांनी जाणूनबुजून राखले; ‘धर्म’ हा शब्द तोवर शाळेच्या दाखल्यावरचा रकाना होऊन बसला होता. अशोकाच्या स्तंभलेखात धम्म म्हणजे काय याचे उत्तर देताना दया, दान, सत्य, शुचिता असे शब्द येतात; देवाचे नाव येत नाही. धर्मकाट्याचा ‘धर्म’ दाखल्यावरच्या रकान्यापेक्षा या यादीशी अधिक जवळचा दिसतो. आंबेडकर ६ डिसेंबरला गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावपाशी गाडगेबाबाही गेले.

राहिला प्रश्न ‘धर्मकाटा’ वऱ्हाडात नेमका कधीपासून रुळला याचा. त्याचे उत्तर कोशांपेक्षा कारंजा, खामगाव, अकोटकडच्या जुन्या अडत्यांच्या वह्यांत मिळण्याची शक्यता जास्त. वाचकांपैकी कुणाच्या घरी माळ्यावर तसल्या वह्या असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी कपातीचे रकाने एकदा वाचावेत. ‘धर्मादाय’ लिहिले आहे की ‘धर्मदाय’, एवढे कळवले तरी मोठे काम होईल.