नव्या रंगाचं सोवळं

डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी ताब्यात देताना संभाजीनगरचा मिस्त्री बजावतो: दोन-तीन महिने वॅक्स नाही, पॉलिश नाही, नुसत्या पाण्यानं धुवा. थिनर उडून जाईपर्यंत थांबा, हे त्याचं कारण. माझं म्हणणं असं, की हा नेम थिनरच्या रंगांहून जुना आहे. तो घोडागाडीवरून मोटारीवर आला.

एकोणिसाव्या शतकातल्या बग्गीवर जवसाचं तेल आणि राळ शिजवून केलेल्या वॉर्निशाचे थरावर थर चढत. जवसाचं तेल उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेत ते घट्ट होतं आणि पुरतं टणक व्हायला आठवडे घेतं. म्हणून नव्या बग्गीच्या मालकाला सांगत: थंड पाण्यानं वरचेवर धुवा, तबेल्याजवळ ठेवू नका, कारण तिथला अमोनिया कोवळं वॉर्निश खातो. मिस्त्रीच्या तोंडचं ‘नुसतं पाणी’ मला थेट तिथलं वाटतं. पहिल्या मोटारी बग्गीवाल्यांच्याच हातून आणि त्याच वॉर्निशानं रंगल्या.

प्रतिपक्ष ड्यूको या मोटारीच्या रंगाचा. ड्यू पाँट ही मुळात दारूगोळ्याची कंपनी. स्फोटक गनकॉटनचा भाऊबंद असलेल्या नायट्रोसेल्युलोजपासून तिनं 1923 साली ड्यूको बाजारात आणला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो चढला आणि रंगकामाचे आठवडे वाचले. (आपल्याकडे फर्निचरवालेही अजून ‘ड्यूको’ मारून देतात, त्या नावाला मोटारीची गरज उरलेली नाही.) ड्यूको फक्त द्रावक उडून वाळतो आणि तळाशी राहिलेला अंश फार सावकाश निघतो. तेव्हा थांबण्याचा नेम इथूनच आला, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण ड्यूको फवाऱ्यातून निघताना चकाकत नसे. कंपाऊंडनं घासून, पॉलिश करूनच तो उजळे, आणि हे काम कारखान्यातच होई. ज्या रंगाचा जन्मच पॉलिशनं पुरा व्हायचा, त्यानं ‘पॉलिश नको’ कसं शिकवावं? घासणं वेगळं, वर मेणाचा थर बसवणं वेगळं, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हणून इतकं सोडतो: नेम बग्गीचा, कारण ड्यूकोचं.

चकाकीसाठी वर थर चढवण्याची किंमत काय पडते, याचा दाखला संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर तेव्हा वॉर्निश लागलं. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं, गुलाम याझदानींच्या कारकिर्दीत, लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ही मोठी कामगिरी. पण चित्रांवर शेलॅकही चढलं. शेलॅक म्हणजे आपलीच चपडा लाख! ती पिवळी पडली, धूळ धरून बसली, तडकली. ती उतरवण्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ अनेक दशकं करत राहिले. हा दाखला हुबेहूब नाही: तिथला रंग दीड हजार वर्षांचा, इथला आठवड्याचा, शेलॅक कडक, मेण मऊ. तरी गॅरेजमधल्या ‘रंगाला श्वास घेऊ द्या’ या बोलण्यामागची धास्ती काय असते, ते अजिंठ्याच्या भिंतींवर स्वच्छ दिसतं.

आजचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, हार्डनर मिसळून मारतात. तो नुसता वाळत नाही, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. कारखान्यात रिकामा सांगाडा 140 अंशांच्या आसपास भाजता येतो. गॅरेजमध्ये गाडीत सीट, वायरिंग, प्लास्टिक सगळं असतं, म्हणून रंग भाजण्याचा बूथ साधारण 60 अंशांवर थांबतो आणि उरलेलं काम दिवसांवर सोपवावं लागतं. त्यामुळे शोरूममधून आलेल्या गाडीला हे सोवळं लागू नाही. पुन्हा रंगवलेल्या दरवाजाला आहे. किती दिवस, ते रंगाच्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं. तोवर गाडी सावलीत धुवावी, बोअरचं क्षाराचं पाणी अंगावर वाळू न देता मऊ कापडानं टिपावं आणि पक्ष्यांची विष्ठा दिसताक्षणी भिजवून उचलावी, कारण कोवळ्या कोटवर तिचा डाग उन्हात काही तासांत बसतो.